लंगडीच्या पायाभोवतीची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पट्टी आहे. हातभर लांब, चार बोटे रुंद. माझ्या एका टोकाला चाप आहे आणि दुसऱ्या टोकाला खाच. दोन्ही टोके जुळवली की माझे गोल कडे होते. रानात प्राण्याचा पाय मातीत उमटलेला असला, की त्याच्याभोवती मला रोवतात आणि माझ्या पोटात प्लास्टर ओततात. ते घट्ट झाले की मला सोडवून बाजूला टाकतात आणि आतून निघालेल्या पांढऱ्याशुभ्र ठशाचे कौतुक करत बसतात. यावरून माझा स्वभाव थोडा जळका असेल, असे तुम्हाला वाटेल. थोडा नाही, चांगलाच जळका आहे. पण आधी माझे ऐकून घ्या, मग खुशाल नावे ठेवा.

माझा जन्म बिस्किटांच्या मोठ्या डब्यातून झाला. आमचा पत्रेवाला रस्त्याच्या कडेला छोटे दुकान चालवतो. बादल्यांना बूड लावणे, नरसाळी करणे, गळकी पिंपे सांधणे ही त्याची कामे. त्याची बायको जंगलखात्याच्या कचेरीत नोकरीला आहे. तिला सगळे ताई म्हणतात, कचेरीतले साहेबसुद्धा. प्राण्यांच्या पायांचे ठसे घ्यायचे आणि कोण कुठून कुठे गेले ते सांगायचे, हे ताईचे काम. सुरुवातीला ती पुठ्ठ्याची पट्टी वापरायची. ओल्या मातीत पुठ्ठा भिजून लोळागोळा व्हायचा आणि ताई तोंड पाडून घरी यायची. तेव्हा पत्रेवाल्याने एक डबा उभा कापला, ठोकून सपाट केला आणि मला घडवले. माझ्या कडा त्याने कानशीने घासघासून गुळगुळीत केल्या.

"एवढं काय घासताय? मातीतच तर रुतवायचीय," ताई म्हणाली.

"मातीला काही होत नाही. तुझी बोटं कापतील," तो म्हणाला.

त्या दिवशी मला वाटले, आपण फार लाडाच्या आहोत. मग मी ठसे पाहिले आणि माझा भ्रम फिटला.

काम कसे चालायचे ते सांगते. ताई आधी ठशातली पाने, काड्या अलगद वेचायची. माझ्या आतल्या बाजूने तेलाचे बोट फिरवायची, म्हणजे प्लास्टर चिकटत नाही. मग मगात पाण्यावर प्लास्टर भुरभुरवून सायीसारखे दाट कालवायची आणि थेट ठशावर न ओतता कडेने सोडायची. थोड्या वेळाने प्लास्टर तापू लागते. होय मित्रांनो, घट्ट होताना ते चांगले गरम होते. आजारी लेकराचे अंग लागावे तसे ते माझ्या पोटाला लागते. काचेपलीकडून ठसे बघणाऱ्यांना हे ठाऊकच नसते. त्यांना ठसे थंडगार झाल्यावर भेटतात. ठशांचा ताप काढते मी, आणि मिरवतात ते!

कचेरीत पाहुण्यांसाठी एक खोली आहे. तिथे काचेच्या कपाटात सगळे ठसे मांडलेले. साळिंदर, रानडुक्कर, तरस, पाणमांजर, सगळी मंडळी ओळीने बसलेली. प्रत्येकासमोर नावाची पाटी. माझे नाव कुठेच नाही. त्याहून मला झोंबायचे ते निराळेच. माझी टोके जिथे जुळतात, तिथे प्रत्येक ठशाच्या कडेवर एक उभी बारीक रेघ उठते. या साऱ्या पसाऱ्यात माझी म्हणून तेवढीच खूण. पण ठसा कपाटात ठेवण्याआधी ताई पॉलिश पेपर घेऊन ती रेघ घासून टाकायची. "आता कसा सुबक दिसतोय," असे वर म्हणायची. मी पिशवीतून ऐकत असायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि ती लंगडी! वरच्या फळीवर एकटी, डोक्यावर छोटा दिवा. ती ओढ्याकाठची बिबट्याची मादी. तिच्या डाव्या पुढच्या पंजाचे एक बोट आत मुडपलेले आहे, म्हणून ती पाय जरा ओढत टाकते. ताईने तिला पाहिले होते ते एकदाच, तेही पाठमोरे. पण ओढ्याच्या वाळूत तिचा ठसा दिसला, की ताईचा चेहरा उजळायचा. "आली गं माझी बाई," म्हणत ती गुडघ्यावर बसायची. मला कधी कुणी 'माझी बाई' म्हटले नाही.

पत्रेवाल्याचेही पोट दुखायचे, पण तो ते हसण्यावारी न्यायचा. ताई जेवताना लंगडीविषयी बोलू लागली, की तो म्हणायचा, "सवत आली बघा ताटावर."

"सवत माझी असती हो. तुमची कशी?"

"मग काय म्हणू? बायको माझी, पण जीव तिच्यात."

ताई हसून त्याला आणखी वाढायची. मी खुंटीवरच्या पिशवीत लटकत मनात म्हणायची, पत्रेवाल्या, तू आणि मी एकाच माळेचे मणी.

पुढे एक दिवस वरच्या कचेरीतून नवे सामान आले. त्यात एक प्लास्टिकची पट्टी होती. पोपटी रंगाची, मऊ, लवचीक, हवी तेवढी लहानमोठी होणारी. तिला तेल लागत नाही, ती गंजत नाही, असे साहेबांनी तिचे गुणगान केले. ताईने मला पुसले आणि नवऱ्याच्या हातात दिले. "दुकानात ठेवा कुठेतरी," म्हणाली. कुठेतरी! पत्रेवाल्याने मला खिळ्याला अडकवले. हळूहळू माझ्यात दोरीचे भेंडोळे आले, वर तारांचे तुकडे आले. चाप गंजून निकामी झाला. तिकडे ती पोपटी लंगडीच्या पंजाभोवती बसत असेल, या विचाराने मी झुरायची. इतकी वर्षे लंगडीवर जळले, आणि आता तिच्यापासून तोडले म्हणूनही जळत होते. स्वभावाला औषध नसते हेच खरे.

मग एका सकाळी पत्रेवाला धावत दुकानात आला. त्याने दोरी, तारा सगळे जमिनीवर फेकले आणि मला खिळ्यावरून ओढले. वाटभर तो स्वतःशीच पुटपुटत होता, त्यातून मला झाला प्रकार कळला. दूधवाल्या काकूंचे वासरू गोठ्यात मरून पडले होते. बिबट्यानेच मारले, असा गलका झाला होता. ओढ्यावर पिंजरा लावा म्हणून माणसे साहेबांना घेरून बसली होती. ओढ्यावर पिंजरा म्हणजे त्यात लंगडीच सापडणार. आणि ताईने आदल्याच आठवड्यात सांगितले होते, तिला पिल्ले झाली आहेत. ती पिंजऱ्यात गेली तर पिल्ले उपाशी मरणार.

गोठ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीने बहुतेक ठसे तुडवले होते. पाण्याच्या हौदापाशी दोन उरले होते, ते ताईने घमेली पालथी घालून वाचवले होते. तिथे आदल्या दिवशी चिखल होता, आता तो वाळून दगडासारखा झाला होता. एका ठशाभोवती तिने पोपटी पट्टी लावली, पण मऊ प्लास्टिक कडक जमिनीत रुतेना. खालच्या फटीतून प्लास्टर वाहून गेले आणि उचलताना पापुद्र्यासारखे मोडले. तो ठसा कायमचा गेला. आता एकच ठसा होता आणि पुडक्यात एकदाच पुरेल एवढे प्लास्टर.

काकू हौदाला टेकून बसल्या होत्या. रडून त्यांचा आवाज बसला होता. "ताई, तुम्ही त्या वाघिणीच्या बाजूच्या. माझं वासरू गेलं ते गेलं, उद्या गाय जाईल."

"काकू, मी कुणाच्या बाजूची नाही. पाय बिबट्याचा निघाला तर मीच पिंजरा लावायला सांगेन," ताई म्हणाली.

साहेब म्हणाले, "कडा ढासळल्यात, वरून काही कळत नाही. फोटोत नुसत्या सावल्या आल्यात. ठसा नीट निघाला तर ठरवू, नाहीतर संध्याकाळी पिंजरा लागेल."

ताईने ठशातला भुसा फुंकून काढला, मला तेलाचे बोट लावले आणि दोन्ही हातांनी गोल गोल फिरवत जमिनीत दाबले. माझी कड मातीत चिरत गेली. कितीही घासली तरी पत्र्याची धार ती धारच. आत उतरल्यावर मी तो पाय जवळून पाहिला. बोटांच्या पुढे चार बारीक भोके होती. मित्रांनो, बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो. मातीत नखे उठतात ती कुत्र्याची. हा कुत्र्याचा पाय होता. लंगडी निर्दोष होती, आणि हे सांगणारी साक्ष माझ्या पोटात होती.

आता खरे सांगते. माझा चाप निकामी होता. माझी टोके नुसती एकमेकांवर टेकली होती. मी जराशी सैल सुटले असते, तर प्लास्टर वाहून गेले असते, संध्याकाळी पिंजरा लागला असता आणि वरच्या फळीवरची ती बाई पुन्हा कधी ओढ्यावर आली नसती. मग ताईला कौतुकाला उरले असते कोण? हा विचार माझ्या मनात आला. अगदी रांगत आला आणि बसला.

ताईने प्लास्टर सोडायला सुरुवात केली, आणि माझा जोड फाकू लागला.

"अहो, धरा!" ती ओरडली.

पत्रेवाला धपकन गुडघ्यावर बसला आणि त्याने जोडावर तळवा दाबला. ताईने हातातला मग खाली टाकून दुसऱ्या बाजूने दोन्ही हात लावले. ज्याने मला घडवले त्याचा हात आणि जिने मला वापरले तिचे हात, असे पहिल्यांदाच एकदम माझ्या अंगाला लागले. आतून प्लास्टर तापू लागले. बाहेरून ते तळवे घामेजले.

"चटका बसतोय गं. सवतीसाठी हात भाजून घेतोय मी," तो हळूच म्हणाला.

"सोडू नका," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतले पाणी माझ्या कडेवर पडले. "सोडू नका हो."

ती त्याला म्हणत होती. पण मी ते माझ्यासाठी ऐकले, आणि मी सोडले नाही.

ठसा निघाला. ताईने बोटाने माती झाडली. चार नखे टोकदार वर आली होती. साहेबांनी कपाटातून लंगडीचा ठसा मागवून शेजारी धरला. तो गोल, नखांचा मागमूस नसलेला. वासराचे मागचे पाय खालून फाडलेले होते, बिबट्या धरतो तसा गळा धरलेला नव्हता, तेही त्यांनी पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "मोकाट कुत्री आहेत. पिंजरा नाही लागणार. कुत्र्यांचा बंदोबस्त आजच करतो."

काकूंनी तो ठसा हातात घेऊन चारही नखांवरून बोट फिरवले. "मग माझ्या गोठ्याला दार हवं," एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पत्रेवाल्याने त्यांना पत्र्याचे भक्कम दार करून दिले.

त्याने मलाही नवा चाप बसवला. पोपटी पट्टी वाळूतल्या कामाला राहिली आणि कडक जमिनीची कामे माझ्याकडे आली. कुत्र्याच्या पायाचा तो ठसा साहेबांच्या टेबलावर असतो. कुणी पिंजरा मागायला आले, की ते आधी तो त्यांच्या हातात देतात.

परवा ताई मला घेऊन ओढ्यावर गेली. पत्रेवालाही बरोबर होता, म्हणे दुकानात गिऱ्हाईक नव्हते. वाळलेल्या गाळात लंगडीचा पंजा होता आणि त्याला खेटून लिंबाएवढा एक चिमुकला पंजा. ताईने मला दोघांभोवती रोवले. मायलेकरे माझ्यात जेमतेम मावली. प्लास्टर तापले, निवले, आणि मी त्यांना मोकळे केले.

संध्याकाळी ताई पॉलिश पेपर घेऊन बसली. ठसा हातात फिरवताना तिचे बोट माझ्या रेघेवर थांबले. मी श्वास रोखून होते, म्हणजे पट्टीला जेवढा रोखता येतो तेवढा.

"घासायची राहिली की," पत्रेवाला म्हणाला.

"राहू दे," ताई म्हणाली, आणि पेपर खाली ठेवला.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात खिळ्याला, माळ्यावर, दाराच्या मागे कुणीतरी माझ्यासारखे अडकून पडलेले असेल. त्याला एकदा खाली काढा. गंज पुसा, तेलाचे बोट लावा. कौतुक नाही केले तरी चालेल, पण त्याची खूण घासून टाकू नका. आणि लंगडीचे म्हणाल, तर वरच्या फळीवर आता ती पिल्लासकट बसली आहे. दिवाही मोठा लावलाय. मी अजून जळते तिच्यावर. पण उद्या तिचा पाय दिसला आणि तिच्याभोवती मला सोडून दुसऱ्या कुणाला लावले, तर मात्र मला मुळीच खपायचे नाही.