डबीला कान

त्या हिवाळ्यात नेब्रास्कातल्या सिडनी गावाबाहेरच्या ट्रकथांब्यावर ड्रायव्हरांच्या टेबलाशी दुसरा विषयच नव्हता. सरकारी हुकूम निघाला होता. वर्ष संपायच्या आत हातानं लिहायच्या वह्या बंद, आणि गाडी कधी चालली, कधी थांबली, हे यापुढे इंजिनाला जोडलेली एक डबी लिहिणार. वही माणूस लिहायचा, त्यामुळे तिच्यात थोडं इकडचं तिकडे होत असे. डबी कुणाची भीड ठेवणार नव्हती.

ऑरिन टेगमायरचा जन्म वही लिहिण्यात गेला होता. स्ट्रोबाखच्या कंपनीत तो थोरल्या मालकापासून होता. पूर्वेकडच्या कारखान्यातून मांस भरायचं, वायोमिंगचे वारे अंगावर घेत सॉल्ट लेकला पोचवायचं आणि परत यायचं. साठीला आला होता. बायको गेलेली, स्वभाव अबोल. टेबलावर तो बहुतेक ऐकायचाच, बोलायचं काम व्हर्न कोझॅकचं.

"आज गाडीचे तास मोजतायत," व्हर्न चिलीच्या तिखट रश्शात दालचिनीचा रोल बुडवत म्हणाला, "उद्या मुतायला किती वेळ लागला तेही मोजतील."

"तुझ्या वयाला ते मोजायला डबी पुरायची नाही, कॅलेंडर लागेल," यादिरा म्हणाली.

सगळे हसले. व्हर्नही हसला, पण उशिरानं.

यादिरा ओंटिवेरोस कंपनीत वसंतात आली होती. स्कॉट्सब्लफकडची, बीटच्या शेतांत राबलेल्या आईबापांची मुलगी. तिला मिळालेली गाडी नवी होती, म्हणून डबी तिच्याकडे आधीच बसलेली होती, आणि साऱ्या टेबलावर डबीची बाजू घेणारी ती एकटी. आधीच्या कंपनीत काय व्हायचं ते तिनं सांगितलं होतं. कायद्यानं दिलेले गाडी चालवायचे तास संपले की ऑफिसातून फोन यायचा, वही नीट कर आणि निघ. एकदा चालत्या गाडीत तिचा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा गाडी दोन रस्त्यांमधल्या गवतात होती.

"वही माझ्या हातात होती, पण लिहीत होता मालक," ती म्हणाली. "डबी थांब म्हणाली की मालकाच्या बापालाही चल म्हणता येत नाही."

"माझी वही मी लिहितो," ऑरिन म्हणाला. तेवढंच बोलून तो कॉफीकडे वळला.

ऑरिनच्या वहीत एक खोटं होतं, आणि ते वर्षानुवर्षांचं होतं. पश्चिमेला जाताना, भेटीचा वार जुळला की, तो रॉलिन्सला थांबायचा. गाडी ट्रकथांब्यावर लावायची, टॅक्सी करायची आणि गावाबाहेरच्या तुरुंगात जाऊन मुलाला भेटायचं. जेरेडनं दारूच्या नशेत एका माणसाला बाटलीनं मारलं होतं. तो माणूस जगला, पण एका डोळ्याला मुकला. हे ऑरिननं कुणालाच सांगितलं नव्हतं. भेटीत गेलेले तास तो रात्री झोप मोडून भरून काढायचा आणि वहीत मात्र पुढच्या रॉक स्प्रिंग्जला आराम केल्याचं लिहायचा. डबी आली की हे संपणार, हे त्याला हुकूम निघाला त्याच दिवशी कळलं होतं.

मग एक दिवस कंपनीच्या आवारात मालक काइल त्याच्याजवळ आला. काइल थोरल्या स्ट्रोबाखचा मुलगा. ऑरिननं त्याला शाळेच्या बसमधून उतरताना पाहिलेलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो जाता जाता म्हणाला, "रॉलिन्सला वारा फार असतो ना, ऑरिन? नाही, तुला ते गाव आवडतं म्हणून विचारलं."

 ऑरिनच्या गाडीत डबी अजून बसायची होती. वहीत रॉलिन्सचं नावसुद्धा नव्हतं. मग याला कळलं कुठून?

विचार करता करता त्याला शरदातली एक दुपार आठवली. रॉलिन्सला तो टॅक्सीतून उतरत होता, आणि डिझेल भरणाऱ्या यादिरानं त्याला लांबून हात केला होता. तिनं विचारलं काहीच नाही. तेव्हा त्याला तो तिचा समजूतदारपणा वाटला होता. आता वाटलं, जिला आधीच सगळं कळलंय ती कशाला विचारेल?

एकदा संशय शिरला की त्याला पुरावे आपोआप सापडत जातात. नवी गाडी हिलाच कशी मिळाली? डबीचं कौतुक हीच का करते? ऑरिननं व्हर्नला एवढंच सांगितलं की ती काइलचा कान आहे, तिच्यासमोर जपून बोल. का, ते सांगितलं नाही. व्हर्नला कारण लागलंही नाही. वाटेतल्या जुगारघरात तो गाडी लावतो हे काइलला मागे कळलं होतं, ते कसं याचं उत्तर त्याला घरबसल्या मिळालं. तिसऱ्याला आपलं चुकलेलं वळण आठवलं, चौथ्याला आणखी काही. कुणी म्हणालं की तिच्या डबीत माइकच आहे, टेबलावर फोन ठेवला की सगळं ऑफिसात ऐकू जातं. आठवड्याभरात यादिरा टेबलापाशी आली की सगळे हवामानावर बोलू लागले. तिनं दोनदा विषय काढून पाहिला. मग ती काउंटरच्या उंच स्टुलावर एकटी जेवू लागली.

डिसेंबरच्या मध्यावर वायोमिंगमधल्या एल्क डोंगरापाशी वाऱ्यानं रस्त्यावर बर्फाची काच धरली. ऑरिन सॉल्ट लेकहून परतत होता आणि तो पट्टा त्यानं नुकताच जीव मुठीत धरून ओलांडला होता. एक रिकामा ट्रेलर त्याच्या डोळ्यांदेखत आडवा झाला होता. अजून रस्ता बंद झाला नव्हता. तेवढ्यात ड्रायव्हरांच्या आपसात बोलायच्या रेडिओवर यादिराचा आवाज आला. ती पश्चिमेला निघाली होती. "एल्क डोंगराकडून कुणी येतंय का? पुढे कसं आहे?"

व्हर्न त्याच्या मागेच होता. तोही ऐकत असणार. पण व्हर्न बोलला नाही. ऑरिननं माइक हातात घेतला, बटणावर अंगठा ठेवला, आणि तसाच खाली ठेवला. तिनं पुन्हा विचारलं. मग रेडिओवर नुसती खरखर राहिली. समोरून तिची गाडी आली आणि गेली. तिनं सवयीनं दिवे लुकलुकवले.

दुसऱ्या दिवशी कळलं की तिचा ट्रेलर सरकून कठड्यावर गेला होता. ओढून नेणारी गाडी येईपर्यंत ती तिथेच अडकून होती. इजा झाली नाही. टेबलावर व्हर्न म्हणाला, "डबीला विचारायचं होतं तिनं." यावेळी फारसं कुणी हसलं नाही. ऑरिननं ताटली बाजूला सारली.

पुढच्या फेरीत त्याच्या ट्रेलरचे मागचे दिवे लागेनात, म्हणून तो लॅरमीला एका दुरुस्तीवाल्याकडे थांबला. दुरुस्तीवाला तारेचा माग काढत पुढपर्यंत सरपटत गेला आणि खालूनच ओरडला, "इथे जोडलेलं हे तुझं काय?"

ऑरिन वाकला. ट्रेलरच्या नाकाखाली, जिथे कुणी कधी बघत नाही, तिथे साबणाच्या वडीएवढा एक काळा ठोकळा बसवलेला होता. दुरुस्तीवाल्यानं चिंधीनं तो पुसला. चिखलाचे थरच्या थर निघाले.

"मालक लावतात," तो म्हणाला. "ट्रेलर कुठे उभाय ते ऑफिसात बसून दिसतं. हा तर जुना आहे. हे बघ, चिठ्ठीवर बसवल्याचं वर्ष आहे."

ते वर्ष यादिरा येण्याच्या कितीतरी आधीचं होतं. ऑरिन त्या चिठ्ठीकडे बघत राहिला. दिवे कधी लागले ते त्याला कळलंही नाही.

सिडनीला पोचताच तो सरळ काइलच्या खोलीत गेला. आवाज चढवला नाही. ठोकळ्याबद्दल विचारलं, आणि काइलनं ते सहज कबूल केलं. चोऱ्या होतात, विमेवाले मागतात, वडील असतानाच लावले होते, असं तो म्हणाला.

"म्हणजे माझी वही खोटी आहे हे तुला इतकी वर्षं माहीत होतं."

"माल वेळेवर पोचत होता," काइल म्हणाला. "मी कशाला बघू?"

"आणि झोपेत मी कुणाला चिरडलं असतं तर?"

काइलनं खांदे उडवले. "वहीवर सही तुझी होती, ऑरिन."

ऑरिन बाहेर आला आणि गाडीच्या पायरीवर बसून राहिला. तसं झालं असतं तर जेरेडच्या शेजारच्या कोठडीत तो स्वतः बसला असता, आणि या माणसानं कोर्टात ठोकळ्याचा नकाशा काढून दाखवला असता. वही आपली आहे, या एका गोष्टीवर तो जन्मभर ताठ चालला होता.

यादिरा आवारातच टायर तपासत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, एल्क डोंगरापाशी माइक हातात होता हेसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. हातातली काठी टायरवर एकदा आपटली.

"मला वाटलं रेडिओ बिघडला," ती म्हणाली. मग पुढच्या टायरकडे वळत म्हणाली, "रॉलिन्सला तू कुठे जातोस ते मला टॅक्सी बघूनच कळलं होतं. माझा मामाही तिथे होता. म्हणून नाही विचारलं."

ऑरिनला मान वर करवेना. माफी मागायला त्यानं तोंड उघडलं, तर तिनं हातानं थांबवलं. "मला सांगून काय उपयोग? ज्यांना ते सांगितलंस त्यांना हेही सांग. अर्धवट नको."

अर्धवट नको म्हणजे काय, हे त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले असताना तो उभा राहिला. उभं राहून बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे सुरुवात चाचरतच झाली. त्यानं ठोकळ्याचं सांगितलं, काइलचं सांगितलं, आणि मग जेरेडचं. मुलगा कुठे आहे, कशासाठी आहे, बाप किती वर्षं खोटं लिहितोय. यादिरा काउंटरवर पाठ करून बसली होती. ती वळली नाही.

 व्हर्ननं चमचा खाली ठेवला. "तो ठोकळा," त्यानं विचारलं, "ऐकतो पण का?"

कॉफी तशीच टाकून एकेक जण उठला. त्या गारठ्यात मोठमोठी माणसं आपापल्या ट्रेलरखाली टॉर्च घेऊन पालथी पडली. प्रत्येकाला ठोकळा सापडला. व्हर्ननं आपला उपटून खिशात घातला आणि संध्याकाळी पुन्हा गुपचूप लावून टाकला.

यादिरा त्या टेबलावर परतली नाही. फेब्रुवारीत ती दुसऱ्या कंपनीत गेली. जाण्यापूर्वी मात्र तिनं एक केलं. ऑरिनच्या गाडीत डबी बसल्यावर कुठलं बटण कधी दाबायचं ते तिनं त्याला दाखवलं आणि सांगितलं, "रॉलिन्सची विश्रांती मागून घे. तास संपले की काइल तुला नाही म्हणू शकत नाही. पण खरं कारण सांगून माग."

त्यानं मागितली. काइलनं तोंड वाकडं केलं आणि दिली. ऑरिननं डबीच्या बारीक छिद्रांवर चिकटपट्टी मात्र लावली. तिच्यावर त्याचा विश्वास नव्हताच.

पुढच्या भेटीला तो झोप पुरी करून, दाढी करून गेला. एरवीसारखं सारखं घड्याळाकडे बघितलं नाही. जेरेड बोलता बोलता थांबला आणि बापाकडे डोळे बारीक करून बघू लागला.

"आज घाई नाही तुला," तो म्हणाला. "खरं सांग बाबा, नोकरी गेली ना?"