चौदावा पाना

आपण गाढव असल्याचा लेखी पुरावा डॅरिन टोकलला मिळाला तो एका शनिवारी सकाळी, शेतावरच्या लिलावात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी.

पुरावा म्हणजे एक पाना. ड्रेसल कंपनीचा, पाऊण इंची, दांड्यावर ‘पेटंट १९३४’ असं ठसठशीत उठवलेलं. तो कुणी कधी वापरलाच नव्हता. मूळ खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला होता आणि सोबत दुकानाची पावती होती. पावतीवर साल होतं १९५१.

डॅरिनने ते तीनदा वाचलं. मग तो खुराड्यावर बसला. आतल्या कोंबड्यांनी निषेध नोंदवला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

पेटंटचं साल म्हणजे कंपनीने कल्पना नोंदवली ते साल. पुढे तोच साचा आणि तोच शिक्का वर्षानुवर्षं चालतो. तो वाचून पान्याचं वय सांगणं म्हणजे आजोबांची जन्मतारीख बघून नातवाला पेन्शन सुरू करून देणं. जुनी हत्यारं ओळखणाऱ्यांना हे पहिल्या आठवड्यात कळतं. डॅरिनला कळायला चार वर्षं लागली, आणि मधल्या काळात त्याने एका निरपराध माणसाला चोर ठरवलं होतं. तेही चर्चमध्ये, कॉफी पिता पिता.

झालं होतं असं. डॅरिन ऑस्टबी गावातल्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. मूळचा वीस मैलांवरच्या गावचा, म्हणजे ऑस्टबीच्या हिशेबाने परदेशीच. जुन्या हत्यारांचा नाद असल्यामुळे दोन वर्षांपूर्वी पाद्रीबाईंनी त्याला ‘जुन्या वस्तूंचा रविवार’ या कार्यक्रमाला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. तिथे इव्हर्ना सेटर आल्या. पंचाहत्तरीच्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी वडिलांची हत्यारांची पेटी टेबलावर ठेवली आणि चर्चच्या सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “ही कोणत्या सालची?”

डॅरिनने वरचा पाना उचलला, शिक्का वाचला आणि छाती फुगवून म्हणाला, “एकोणीसशे चौतीस! पैजेवर सांगतो.”

तळघर गप्प झालं. डॅरिनला वाटलं, आपल्या विद्वत्तेने लोक दिपले.

गावाला ठाऊक होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. ऑस्कर बाकनच्या गॅरेजातून ड्रेसलची पेटी चोरीला गेली १९३८ साली. त्याने ती घेतली होती १९३४ साली. तेव्हा तिथे कामाला होता तेवीस वर्षांचा हॅल्व्हर सेटर, इव्हर्नाबाईंचा बाप. त्याला कुणी चोर म्हटलं नाही. ऑस्टबीत कुणी कुणाला चोर म्हणत नाही. “जरा वेगळा आहे, नाही?” एवढंच म्हणतात, आणि त्यानंतर माणूस गावाच्या मनातून कायमचा उतरतो. हॅल्व्हर युद्धावर गेला, परत आला, स्वतःचं गॅरेज काढलं. ही पेटी मी युद्धानंतर घेतली, असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. लोक “हो का?” म्हणत राहिले.

इव्हर्नाबाईंनी आयुष्यभर अशा माणसाची वाट पाहिली होती, ज्याला लोखंड वाचता येतं. तो आला आणि त्याने चुकीचं वाचलं.

त्या रविवारनंतर त्यांनी चर्च सोडलं. चर्चच्या जेवणातल्या बटाट्याच्या पोळ्यांचा तवा, जो त्या चाळीस वर्षं सांभाळत होत्या, तो गेला ऑस्करच्या लेकीकडे, आर्डिसकडे. तेव्हापासून ऑस्टबीत पोळ्या बुटाच्या तळव्याएवढ्या जाड होत होत्या आणि लोक त्या निमूटपणे चावत होते.

लिलावातून डॅरिन थेट इव्हर्नाबाईंच्या दारात गेला.

“मिस सेटर, मला ती पेटी पुन्हा बघायचीय.”

“मागच्या खेपेला बघितलीस तेव्हा माझा बाप चोर म्हणून मेला,” त्या जाळीच्या दाराआडून म्हणाल्या. “त्याआधी नुसता वारला होता.”

“मी चुकलो होतो.”

“किती वर्षांनी?”

“दोन वर्षं झाली की हो.”

“अरे, सालात किती वर्षांनी चुकलास ते विचारतेय. चौतीस नाही तर किती?”

“तेच तर बघायचंय. पेटी नीट बघितल्याशिवाय कसं सांगू?”

“गेल्या वेळी नीट न बघताच सांगितलंस की,” त्या म्हणाल्या, पण दार उघडलं.

पेटीच्या झाकणाला आतून एक फोटो चिकटवला होता. हॅल्व्हर, आणि त्याच्या हातात त्याच्या मांडीएवढा मासा. डॅरिनने कडेने नख लावून पाहिलं. खाली छापील कागदाचा कोपरा दिसत होता.

“कंपनीचं लेबल आहे खाली. फोटो काढावा लागेल.”

“माशाला हात लावायचा नाही.”

“मिस सेटर, मासा की वडिलांची अब्रू?”

इव्हर्नाबाईंनी या प्रश्नाला जेवढा वेळ घेतला तेवढा घ्यायला नको होता. मग त्या उठल्या आणि चुलीवर किटली ठेवली. वाफेवर फोटो सुटायला वीस मिनिटं लागली. आधी शेपटी सुटली, मग हॅल्व्हर. खालचं लेबल पिवळं पडलेलं, पण वाचता येत होतं: ‘ड्रेसल हत्यारं, शिकागो १२, इलिनॉय.’

डॅरिन खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला.

“शिकागोपुढे बारा आकडा आहे. पोस्टाने मोठ्या शहरांचे असे विभाग युद्धाच्या काळात पाडले. अडतीस साली हा आकडा नव्हताच! अडतीस साली चोरलेल्या पेटीवर तो येईलच कसा?”

“थांब, थांब. गणितासारखं सांग. टप्प्याटप्प्याने.”

त्याने टप्प्याटप्प्याने सांगितलं. त्यांनी दोनदा अडवलं, तिसऱ्यांदा अडवलं नाही. मग त्याने वरचे तीन पाने काढले. युद्धाआधी ड्रेसलच्या दांड्यावरचा, कंपनीचं नाव असलेला पट्टा खोलगट असायचा, नंतर उठावदार. लिलावातला तसाच होता आणि हे तिन्हीही. आनंदाच्या भरात त्याने उरलेले अकरा तसेच राहू दिले. गाढवपणा असा एका पुराव्याने संपत नाही.

“उद्या चर्चला येतेस? म्हणजे, येता?” त्याने विचारलं.

“जिथे खाली पाडलंस तिथूनच उचल,” इव्हर्नाबाई म्हणाल्या.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे तळघरात उतरले. पाणचट कॉफी होती, लिंबाच्या वड्या होत्या. मधल्या टेबलावर पेटी होती, शेजारी इव्हर्नाबाई कोट न काढता बसल्या होत्या. समोर आर्डिस, हाताची घडी घालून.

डॅरिन उभा राहिला. “दोन वर्षांपूर्वी मी इथे एक साल सांगितलं होतं. ते चूक होतं. मी पेटंटचं साल वाचलं. गाढवपणा केला.”

कुणीच “नाही नाही” म्हणालं नाही. इतकं नम्र गाव, पण तेवढं कुणी म्हणालं नाही.

“हे लेबल बघा. शिकागोपुढे बारा आकडा आहे. हे पोस्टाचे आकडे आले बेचाळीस साली, म्हणजे ही पेटी—”

“त्रेचाळीस!” आर्डिस कडाडली. “एक मे, एकोणीसशे त्रेचाळीस! बेचाळीस काय बेचाळीस? मी तीस वर्षं पोस्ट ऑफिस चालवलंय या गावात!”

“म्हणजे त्याआधीच्या पेटीवर हा आकडा असूच शकत नाही?”

“कसा असेल? शाळेत गेला होतास ना?” आर्डिस म्हणाली. आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. ती लिंबाच्या वडीकडे बघू लागली. वडीने तिला काहीच मदत केली नाही.

“पेटी नवी असेल,” शेवटी ती म्हणाली. “आतली हत्यारं आमची नसतील कशावरून?”

प्रश्न रास्त होता. डॅरिनने पाने एकेक करून टेबलावर मांडायला सुरुवात केली आणि प्रत्येकाचा पट्टा लोकांना दाखवला. उठावदार, उठावदार. सातव्यापर्यंत माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली. बाराव्याला पाद्रीबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. तेरावाही उठावदार निघाला.

चौदावा पेटीच्या तळाशी होता, फडक्यात गुंडाळलेला. अर्धा इंची. डॅरिनने फडकं सोडलं.

पट्टा खोलगट होता. दांड्यावर खिळ्याने कोरलेलं होतं: ऑ. बा.

पाना खिशात घालून खोकत बाहेर जावं, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण साठ माणसं बघत होती. त्याने तो तसाच वर धरला.

“हा जुना आहे,” तो म्हणाला. “हा बाकनांचा आहे.”

इव्हर्नाबाईंचा चेहरा फडक्यासारखा पांढरा पडला. आर्डिस उठली. तिने पाना घेतला, चष्मा कपाळावर चढवला, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

“अर्धा इंची!” ती म्हणाली. “अगं बाई, अर्धा इंची!”

“काय झालं?” पाद्रीबाईंनी विचारलं.

“अहो, माझं अख्खं बालपण या अर्ध्या इंचात गेलं! बाबा जेवायला बसले की सुरू व्हायचे. ‘अडतीसच्या वसंतात अर्धा इंची हॅल्व्हरला घरी न्यायला दिला, नांगर जोडायला. चोरी झाली उन्हाळ्यात. बाकी सगळी पेटी गेली याचं काही नाही, पण हा मी हाताने दिला होता.’ ख्रिसमसलासुद्धा!”

“दिला होता?” इव्हर्नाबाई म्हणाल्या. “उसना?”

“उसना. चोरीच्या आधीच.”

“मग त्यांनी परत का नाही दिला?” डॅरिनच्या तोंडून गेलं.

इव्हर्नाबाईंनी ते फडकं उचललं.

“कसा देणार?” त्या म्हणाल्या. “सगळं गाव वेगळ्या नजरेने बघतंय, आणि बाबा चोरीला गेलेल्या पेटीतला पाना हातात घेऊन दारात उभे राहणार? फासच झाला असता गळ्याला.” मग त्यांनी मान हलवली. “बाबा अर्धा इंची शेजाऱ्याकडून मागून आणायचे. दरवेळी, दीड मैल चालत. मला वाटायचं आपल्याकडे नाहीच. त्यांनी नवा कधी घेतला नाही, आणि हा एकदाही वापरला नाही.”

तळघरात कुणीतरी नाक शिंकरलं.

“मरेपर्यंत? चाळीस वर्षं?” आर्डिस म्हणाली.

“बेचाळीस.”

“दीड मैल?”

“जाऊन येऊन तीन.”

आर्डिस खाली बसली. तिने पाना टेबलावर ठेवला, जरा सरळ केला, पुन्हा उचलला. “बरं,” ती म्हणाली, “मिळाला. आलाय परत.” थोड्या वेळाने तिला दुसरंच सुचलं आणि तिने मान वर केली. “पण मग आमची पेटी नेली कुणी?”

हा प्रश्न सत्तेचाळीस घरांच्या गावात विचारायचा नसतो. मागच्या टेबलावरच्या एका आजोबांना एकदम गाईंची आठवण आली. त्यांनी गाई विकून अकरा वर्षं झाली होती. दुसऱ्याला बर्फ पडेलसं वाटलं. प्रत्येकाच्या गॅरेजात आजोबांची कसली ना कसली पेटी होती, आणि प्रत्येक जण तिच्या झाकणाखाली काय चिकटवलंय ते आठवत होता. पाच मिनिटांत तळघर रिकामं झालं. तिघं उरले आणि पन्नास लिंबाच्या वड्या.

“पोरा,” इव्हर्नाबाई म्हणाल्या, “ते साल परत सांग.”

“त्रेचाळीसनंतरचं, मिस सेटर. एक मेनंतरचं. माझ्या मते सेहेचाळीस.”

“पैजेवर?”

“नाही. पैज आता कधीच नाही.”

त्या हसल्या. आधी आवाजच नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग आवाज आला आणि थांबेना. आर्डिस घाबरून पाणी आणायला उठली. इव्हर्नाबाईंनी तिला हातानेच बसवलं, डोळे पुसले, आणि अंगातला कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.