मॅलकी मिनोगचं शेवटचं वर्ष

मॅलकी मिनोगच्या डाव्या अनामिकेचा मधला सांधा उजव्या हाताच्या सांध्यापेक्षा साडेचार मिलिमीटरने जाड आहे. मी तो दूध संघाच्या प्रयोगशाळेत, जेवणाच्या सुटीत, व्हर्नियरने मोजला आहे. हर्लिंगच्या, म्हणजे काठी-चेंडूच्या आमच्या आयरिश खेळाच्या, सामन्यात तो एकदा टबरो गावच्या कुणीतरी काठीने मोडला, पुढच्या वर्षी आमच्याच गोलकीपरने चुकून मोडला आणि तिसऱ्यांदा मॅलकीने स्वतः, मोटारीच्या दारात. तिसरी मोडही त्याने गावात टबरोच्याच नावावर खपवली. साखरपुड्याच्या वेळी घेऊन ठेवलेली लग्नाची अंगठी आता त्या सांध्याशी येऊन थांबते. एनिसच्या सोनाराने ती वाढवून दिली आणि अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, लग्न नक्की कधी आहे; अजून लांबणार असेल तर तो आत्ताच थोडी जास्त वाढवून ठेवेल.

प्रश्न रास्त होता. आमच्या साखरपुड्याला नऊ वर्षं झाली होती.

मॅलकी आमच्या किलवार्ना गावाच्या संघाचा डाव्या कोपऱ्यातला बचावपटू. चार नंबरची जर्सी. त्याच्या आधी ती जागा त्याच्या वडिलांची आणि त्यांच्या आधी आजोबांची. अठराव्या वर्षी तो संघात आला, कारण वडिलांनंतर जो आला होता त्याला ऐन स्पर्धेत गालगुंड झालं. तिथपासून सदतिसाव्या वर्षापर्यंत त्याने एकही गुण केला नव्हता, पुढचे दोन दात घालवले होते, आणि एकदा त्याला क्लेअर जिल्ह्याच्या संघाच्या चाचणीचं बोलावणं आलं होतं. त्या दिवशी मैदानावर इतकं धुकं होतं की निवडणाऱ्यांना तो दिसलाच नाही. धुकं नसतं तर मॅलकी कुठल्या कुठे गेला असता, असं किलवार्नात अजून म्हणतात. मला वाटतं धुक्याने त्याच्यावर उपकारच केले.

दर नोव्हेंबरात, माझ्या घराबाहेर गाडी उभी करून, काचा धुरकट होईपर्यंत गप्प बसून, तो मला सांगायचा, "हे माझं शेवटचं वर्ष होतं, डिंपना. क्लबला सांगून टाकतो." जानेवारीत त्याच्या बुटांना पुन्हा चिखल असायचा.

शेवटी तारीख ठरली ती ऑक्टोबरातल्या शनिवारची. किलवार्नातले लोक सगळंच ऑक्टोबरावर टाकतात: लग्नं, खुब्याची ऑपरेशनं, छपराची कामं. आमचा संघ ऑगस्टपर्यंत हरलेला असतो. देवावरचा विश्वास कमीजास्त होतो, ह्या गोष्टीवरचा कधी झाला नव्हता.

त्या वर्षी मात्र घात झाला: आम्ही जिंकत गेलो. पहिल्या फेरीतल्या समोरच्या संघाचे दोन चांगले खेळाडू आदल्या आठवड्यात बॉस्टनला गेले. दुसऱ्या फेरीतल्या कप्तानाला त्याच्याच गाईने लाथ मारली. उपांत्य सामन्यात मैदानावर इतकं पाणी होतं की खेळ कुणालाच जमेना, आणि न जमण्याचा सराव आम्हाला जास्त होता. अंतिम सामना टबरोशी. मॅलकीच्या वाट्याला त्यांचा एक बँकेत नोकरी करणारा पोरगा आला होता. त्याने मॅलकीला मागे टाकून दोनदा चेंडू जाळीत घातला. अगदी शेवटी मॅलकीने, केवळ चेंडू अंगावर येऊ नये म्हणून, काठी फिरवली. वाऱ्याने तो चेंडू पार पलीकडे नेला, गोलकीपरसमोर त्याचा टप्पा पडला आणि तो गोलच्या आडव्या दांडीवरून गेला; जाळीत नाही, पण वरून गेला तरी आमच्या खेळात गुण मिळतो. एक गुण. बरोबरी. मॅलकीला खांद्यावर घेऊन लोक गावभर फिरले.

सामना पुन्हा खेळायचं ठरलं ते रविवारी, आमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.

मंगळवारी संध्याकाळी मिनोगांच्या स्वयंपाकघरात शिष्टमंडळ आलं. म्हणजे क्लबचे अध्यक्ष फादर हॅकेट आणि प्रशिक्षक पॅकी मलोनी. पॅकी पोटासाठी गावोगाव गाईंना कृत्रिम रेतन करत फिरतो, त्यामुळे बोलण्यात त्याला आडपडदा नाही.

"डिंपना बाळ," फादर म्हणाले, "नऊ वर्षं थांबलीस. देवाच्या दारी अजून थोडे दिवस म्हणजे काय?"

"देवाच्या दारी काही नाही, फादर. हॉटेलवाले मार्चशिवाय तारीख देत नाहीत."

"मार्च छान," पॅकी म्हणाला. "मार्चमध्ये कुणी माजावर नसतं."

"कोण?"

"गाई गं."

मॅलकीच्या आई चुलीपाशी बसल्या होत्या. "माझं लग्न सकाळी सातला लागलं," त्या म्हणाल्या. "अकराला ह्याचा बाप मैदानावर होता. मी काय मेले?"

"बरं, शनिवारीच करू," फादर म्हणाले. "पण दारू नको. नाच नको. नऊला सगळे घरी."

"मग राहिलं काय?"

"संस्कार राहिला की. आणि नवरा त्या रात्री आईकडे झोपेल."

"त्याची गादी घातलेलीच आहे," आई म्हणाल्या.

मी मॅलकीकडे पाहिलं. तो पावाला लोणी लावत होता, आणि लोणी कधीच सगळीकडे पोचलं होतं. "तुझं काय म्हणणं?" मी विचारलं.

"मला दोन्ही चालेल," तो म्हणाला.

पॅकीने मला गाडीचं टायर दाखवायला म्हणून अंगणात बोलावलं. टायरला काही झालं नव्हतं.

"हे बघ, हे मॅलकीसाठी नाहीच आहे," तो म्हणाला. "गोलकीपर त्याचा करवला. तुझे दोघे भाऊ पुढच्या फळीत. ती मंडळी शनिवारी पिणार म्हणजे रविवारी आम्ही प्रेतं उभी करायची."

"आणि मॅलकी?"

त्याने टायरला लाथ मारली. "मॅलकी नाहीये. चार नंबर डिलनच्या पोराला देतोय."

"त्याला सांगितलंत?"

"मिनोगला? त्याच्या आज्याची जागा आहे ती. शिवाय आत्ताच त्याने सामना वाचवलाय, दारूच्या गुत्त्यात त्याला कुणी पैसे काढू देत नाही. आणि किलवार्नात आजवर कुणाला काढलंय कधी? माणूस मरतो, नाहीतर बॉस्टनला जातो."

"मग करणार काय होतात?"

"रविवारी फादर जर्स्या वाटतील."

"आणि?"

"त्याच्यापर्यंत पोचायच्या आत संपतील."

मी पॅकीकडे पाहत राहिले. त्याला लाज वाटत होती, पण बेत बदलण्याइतकी नाही. आत जाऊन मी हे सांगितलं असतं तर माझी तारीख बहुधा वाचली असती. पण मग पुढची चाळीस वर्षं माझ्या टेबलाशी संघातून काढलेला पहिला मिनोग जेवला असता. मॅलकीला बाजूला घेऊन कानात सांगणंही उपयोगाचं नव्हतं. नमुन्याला आपलं बोट लागलं की जो निकाल येतो तो त्याचा नसतो.

"आत चला आणि चहा प्या," मी म्हणाले. "मॅलकी बोलेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही."

"आणि तो बोललाच नाही तर?"

"मग सांगा. पण आत्ता, इथे. जर्स्या वाटून नाही."

आत फादर चहात साखर ढवळत होते. "तर मग, मार्च," ते म्हणाले. पॅकीने तोंड उघडलं. मी मनुकांच्या पावाची ताटली त्याच्यापुढे सरकवली. त्याने तुकडा घेतला आणि तोंडात कोंबला.

"मॅलकी," मी म्हणाले, "तू मला दर नोव्हेंबरात गाडीत एक गोष्ट सांगतोस. ह्यांना सांगायची तर सांग. नसेल सांगायची तर मला परत कधी सांगू नकोस."

"गाडीत?" आई म्हणाल्या. "गाडीत काय सांगतो?"

मॅलकीने सुरी खाली ठेवली. पॅकी चावायचा थांबला होता.

"त्या टबरोच्या पोराचा चेहरा कसा आहे, फादर?" मॅलकीने विचारलं.

"अं? साधाच आहे. का रे?"

"मी अख्खा सामना त्याची पाठच पाहिली."

"अरे पण तो गुण तूच केलास."

"माझे डोळे मिटलेले होते."

"तुझा बाप बेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला," आई म्हणाल्या.

"बाबा बेचाळिसाव्या वर्षी गोलच्या खांबाला टेकून उभे असायचे, आई. चेंडू आला की खांबच जास्त हलायचा. लोक हसायचे. मी कुंपणापाशी असायचो, मला ऐकू यायचं."

आईंनी कप बशीत ठेवला. फादरांनी पॅकीकडे पाहिलं, पॅकीने ताटलीकडे.

मॅलकीने खुर्ची मागे सरकवली, पण उठला नाही.

"मी थांबतोय, पॅकी," तो म्हणाला. "रविवारी खेळणार नाही, पुढच्या वर्षीही नाही. शनिवारी माझं लग्न आहे, आणि लग्नात दारू आहे."