टॅटीच्या केसांची माशी

तो माणूस आमच्या डोहावर आला तेव्हापासूनच मला खटकत होता. बूट नवे, गळाची काठी नवी, टोपी नवी. सकाळी यायचा, कमरेइतक्या पाण्यात शिरायचा आणि खांबासारखा उभा राहायचा. इथे स्कॉटलंडात, स्पे नदीवर आमची रीत अशी, की डोहाच्या वरच्या टोकाला उतरायचं, एकदा दोरी फेकायची आणि एक पाऊल खाली सरकायचं. म्हणजे मागून येणाऱ्यालाही पाणी मिळतं. हा हलायचाच नाही.

"मर्डो, हा मासे धरायला आलेलाच नाही," डॉड म्हणाला. डॉड माझा शेजारी. आम्ही काठावरच्या खोपटात चहा पीत होतो.

"मग?"

"कुणीतरी पैसेवाला हा किनारा विकत घ्यायला टपलाय, त्याचा हेर आहे. इतकं वाईट कुणी फेकूच शकत नाही. सोंग आहे ते."

"सोंग घेऊन रोज गार पाण्यात उभा राहील?"

"पगारी असेल तर राहील की!"

माणसाचं नाव डेन्झिल. गिरणीमागचं घर भाड्याने घेतलेलं. सॅल्मन मासा गळाला कसा लागतो म्हणून तो सगळ्यांना विचारायचा, आणि आम्ही सगळे "पाणी उतरू दे" एवढंच सांगायचो.

त्या सकाळी दोरीचा गुंता सोडवायला तो काठावर आला आणि त्याचा गळ माझ्या डोळ्यांसमोर लोंबकळला. गळावर माशाला भुलवायला बांधलेली नकली माशी काळ्या अंगाची होती, वर तांबूस केस.

ते केस आमच्या कुत्रीच्या, टॅटीच्या, शेपटीचे होते. माझी बायको इशबेल त्यांच्या माशा बांधायची. कुणाला द्यायची नाही. मलासुद्धा मागावी लागायची. टॅटी गेली, केस संपले. शेवटची माशी मागच्या शरदात पलीकडच्या काठावरच्या झाडात अडकून तुटली, असं इशबेलने मला सांगितलं होतं. त्या दिवशी मी तिच्यासोबत नव्हतो. फेब्रुवारीत इशबेल वारली.

आणि आता ती माशी या माणसाकडे.

तिच्या माशा ज्या शेडमध्ये असायच्या, तिचं कुलूप तर मीच लावतो. म्हणजे चोरी नाही. मग तिने दिली? कधी? आणि मला खोटं का सांगितलं? एकेचाळीस वर्षांत ती माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. निदान मी तसं धरून चाललो होतो.

त्याला सरळ विचारायचं धाडस होईना. उत्तर नको ते आलं तर मी ते घेऊन कुठे जाणार होतो? तोवर तो परत खोल पाण्यात शिरला आणि खडकांकडे दोरी फेकू लागला. एका फेकीत गळ तळाला अडकला. त्याने हिसडा दिला. माशी आता तुटणार! गळ सुटला.

"अरे ए! बाहेर ये!" मी ओरडलो.

तो धडपडत आला. "काही चुकलं का?"

"सगळंच चुकलंय. तू उभा होतास तिथेच मासे असतात. त्यांच्या डोक्यावर उभा राहून पलीकडे कुणाला शोधतोयस?"

"मला वाटलं, मासे मधोमध असतील."

"काठावर उभं राहणाऱ्या सगळ्यांना तसंच वाटतं. घोट्याइतक्या पाण्यात राहा. दोरी आखूड टाक, प्रवाहाला ती फिरवू दे. मग एक पाऊल खाली. दाखव बरं तुझी दोरी."

मी मुद्दाम मागितली. माशी हातात घेतली. गळाजवळ गाठ होती, एक वेढा जास्त घातलेली, पुढे टोकाचं लांब शेपूट सोडलेली. ते शेपूट काप म्हणून मी इशबेलच्या मागे लागायचो. "मासा काय तुझ्यासारखा चुका काढत बसतो?" असं ती म्हणायची. गाठीच्या पुढे वीतभर जुनं, पिवळं पडलेलं नायलॉन, आणि त्याला या गड्याने आपली नवी दोरी कशीबशी जोडलेली.

"हे कुठलं?"

"हिवाळ्याच्या पुरात समोरचं झाड पडलं ना? त्याच्या फांदीत मिळालं. गळाला गाठ मारायला मला जमत नाही, म्हणून होता त्या तुकड्यालाच माझी दोरी बांधली." तो ओशाळला. "कुणाची होती का?"

"माझ्या बायकोची."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "घ्या ना मग. तुमचीच आहे."

मी जुनं नायलॉन त्याच्या जोडापाशी कापलं. गाठ तशीच ठेवून माशी टोपीला अडकवली. माझ्या डबीतली एक त्याला बांधून दिली, आणि बांधताना वेढे मोजून दाखवले.

"आता ऐक. ओढ लागली की काठी उचलायची नाही. मासा वळला की गळ आपोआप बसतो. उचललीस की गेला. कळलं?"

"कळलं."

"जा. आणि दर फेकीला पाऊल."

तो निघाला. फेक, पाऊल. फेक, पाऊल. डोहाच्या खालच्या टोकाकडे त्याची दोरी अचानक ताठ झाली. त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"थांब! वळू दे त्याला!"

त्याने काठी उचलली नाही. मग काठीवरचं दोरीचं चाक करकरत सुटलं.

"मर्डो!" खोपटातून डॉड ओरडला. "हेराला मासा लागला रे!"

"हेर नाही तो," मी म्हणालो आणि जाळं घेऊन पाण्यात उतरलो.