मोरोपंतांचा तक्ता

"तिले माही मशीन शिकोली कोनं? म्याच ना?"

मनकर्णाबाई टेबलाला अगदी टेकून उभी होती. केसांत कापसाची बारीक लव, पदर कमरेला खोचलेला. दाराबाहेर नोटिशीच्या फळीपाशी बायांचा घोळका होता आणि आतल्या शब्दाशब्दाला बाहेर कान लागलेले होते.

"बोला ना, टाइमबाबू. रुख्मिणीले काम शिकवा म्हने. तुमच्या मागं जोर राहील म्हने. तापानं फनफनल्या तरी जागा जानार नाई म्हने. हे कोन बोल्लं व्हतं? माहा मेलेला नवरा?"

"यादी मी नाही केली, मनकर्णाबाई."

"मंग तक्ता कोनं केला?"

मोरोपंतांनी दौतीचं झाकण लावलं आणि पुन्हा काढलं. तक्ता त्यांनीच केला होता.

"पाहून घ्या बायाहो," ती दाराकडे वळून म्हणाली. "एकवीस वरसं काम केलं, अन् आता हा मानूस दौतीचं झाकन लावून राह्यला." आणि ती निघून गेली.

अकोल्याच्या त्या कापडगिरणीत मोरोपंत अकरा वर्षं टाइमकीपर होते. बुद्धिबळ ते शिकले अमरावतीला, राजापेठेत, वडिलांच्या मांडीला मांडी लावून. पुढं अमरावतीच्या जिल्हा स्पर्धेत त्यांनी दोनदा ढाल घेतली. दुसऱ्या खेपेला शेवटच्या डावात समोर होते बापूसाहेब, गिरणीत नुकतेच आलेले मॅनेजर. एक्केचाळिसाव्या खेळीला बापूसाहेबांनी राजा आडवा केला, हात मिळवला, हसले, आणि सोमवारी मोरोपंतांना वर बोलावून म्हणाले, "सोळा मोहरी इतकी नीट सांभाळता, आता माणसं सांभाळा. कामगारांच्या नेमणुकांचं टेबल तुमचं."

स्पर्धेच्या पटावर मोरोपंतांना एक गोष्ट पक्की कळली होती: एकटं पडलेलं मोहरं मरतं. त्याच्या मागं दुसरं मोहरं उभं केलं की त्याला जोर आला म्हणतात, मग शत्रू दहादा विचार करतो. गिरणीत तर सगळीच माणसं एकटी होती. बाई बाळंत झाली की तिची मशीन बंद पडायची आणि परत येईतो तिथं दुसरीच कुणी बसलेली असायची. म्हणून मोरोपंतांनी मोठ्या कागदावर तक्ता आखला. डावीकडं माणसाचं नाव आणि उजवीकडं त्याचं काम शिकून घेणाऱ्याचं. ज्याचं काम दोघांना येतं, त्याला निवांत आजारी पडता येतं, असा तो साधा हिशोब.

लोक बिथरले. आपली विद्या दुसऱ्याला का द्यायची? सगळ्यांत जास्त मनकर्णाबाई बिथरली. सूत गुंडाळायच्या खात्यात कुठल्या चातीवरचा धागा तुटला हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची, पाठमोरी असली तरी. मोरोपंत तीन दिवस तिच्या मशीनपाशी जाऊन उभे राहिले. चौथ्या दिवशी तिनं रुख्मिणीला जवळ ओढलं, तिची बोटं आपल्या बोटांत घेतली आणि तुटक्या धाग्याची गाठ मारायला शिकवली, लेकीची वेणी घालावी तशी, हळू, पुन्हा पुन्हा.

दोन वर्षं तक्ता चालला. दुखण्यानं, बाळंतपणानं एकाचीही जागा गेली नाही. मोरोपंतांना वाटे, आयुष्यातला सगळ्यांत देखणा डाव आपण इथं मांडला.

मग एकसष्टच्या चैत्रात मुंबईहून पेट्या आल्या, पेट्यांतून आपोआप सूत गुंडाळणारी यंत्रं निघाली, आणि आज फळीवर कपातीची यादी लागली. एकतीस नावं. मोरोपंतांनी ती तक्त्याशी ताडून पाहिली. तक्त्यात ज्यांच्या उजवीकडं नाव होतं, नेमक्या त्याच बाया गेल्या होत्या. ज्यांचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, त्या राहिल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत ते वर गेले. बापूसाहेब टेबलावर पट मांडून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"यादी पाहिलीत वाटतं."

"साहेब, तो तक्ता मी माणसं राखायला केला होता."

"जोराचं मोहरं मरत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" बापूसाहेबांनी उंट उचलला, पाहिला, ठेवला. "मरतंच. फक्त पटावरचं ते घर आपल्याकडं राहतं. अमरावतीला तुम्ही माझ्यासमोर घोडा दिलात तो असाच. खुशाल दिलात. मला आठवतं, तुम्ही तेव्हा सुपारी कातरत होता."

"तो लाकडाचा होता."

"मग माणसांना लाकडासारखं कागदावर मांडलंत कशाला?"

मोरोपंत खिडकीकडं वळले. खिडकीतून खालचं आवार दिसत होतं.

"आता साचेखात्याचाही तसाच तक्ता शुक्रवारपर्यंत हवा मला," बापूसाहेब म्हणाले. "मागावरची सव्वीस माणसं कमी करायची आहेत."

"मी देणार नाही."

"ठीक." त्यांनी घंटी वाजवली. "तक्त्याच्या शेवटच्या ओळीत तुम्ही स्वतःचंही नाव लिहिलंय, मोरोपंत. उजवीकडं बंडू. चोख माणूस."

बंडू आला. दोन लेकरांचा बाप, मोरोपंतांच्याच हाताखाली कारकून.

"साचेखात्याचा तक्ता तुम्हाला जमेल?"

बंडूनं मोरोपंतांकडं पाहिलं नाही. "जमेल, साहेब. पंतांनी शिकवलंय."

"तर मग, मोरोपंत, तुमच्याकडच्या किल्ल्या यांना द्या. उद्यापासून यायची तसदी नको."

जिन्यात बंडूनं किल्ल्या घेतल्या. "पंत, मले दुसरी नोकरी कोन देईल?"

"मी विचारलं का तुला काही?"

"नाई विचारलं. विचारलं असतं तं बरं झालं असतं."

फाटकाबाहेर बाया रस्त्याच्या कडेलाच बसल्या होत्या. एकतीस नव्हे, बत्तीस. मनकर्णाबाईला खेटून रुख्मिणी बसली होती.

"तू जाय मशीनवर," मनकर्णाबाई तिला म्हणत होती. "तुहं नाव नाई यादीत."

"नाई जात."

"दोघीही बुडू."

"बुडू मंग. तुमच्या जागेवर मी बसू अन् तुमी इथं धुळीत? माह्या हातानं गाठच नाई बसनार."

मनकर्णाबाईनं जात्यावर बसल्यासारखी मान हलवली आणि ओवी धरली, बाकीच्यांनी मागं सूर लावला:

तुटला धागा बाई, जोडला दोघीनं,
जोडनारा हात तोडला मोरोपंतबाबूनं.

मोरोपंत पुढ्यात येऊन उभे राहिले तशी ओवी थांबली. कुणी सरकून जागा केली नाही.

"काय हाये?" मनकर्णाबाई म्हणाली.

"साचेखात्यातली नावं सांगायला आलो. शुक्रवारनंतर फळीवर लागतील ती."

"काहून? आमचं कराचं ते करून झालं ना तुमचं?"

"त्यांना आधी कळावं म्हणून. मला काढलं."

"तुमाले काढलं त्याचं आमी काय करू? रडू?"

"नावं ऐका."

साचेखात्यात कुणाचं काम दुसऱ्या कुणाला येतं हे त्यांना ठाऊक होतं; पटावरचे जुने डाव ते तोंडपाठ सांगत, तशी त्यांनी ती नावं सांगितली. कागद नव्हता हातात. पहिलं पुंजारामचं, म्हणजे रुख्मिणीच्या नवऱ्याचं. रुख्मिणीनं मान वर केली. दुसरं, तिसरं, नववं. एका म्हातारीनं आपल्या मुलाचं नाव ऐकून कपाळावर हात मारला आणि मोरोपंतांच्या अंगावर मूठभर धूळ फेकली. धोतरावरची धूळ त्यांनी झटकली नाही. मोजत मोजत सव्विसाव्या नावापाशी ते थांबले.

"झालं?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"झालं."

"रुख्मिणी, पाठ झाली तुले?"

"झाली."

"साचेवाल्याईले सांगून ये जाय, भोंगा व्हाच्या आत." रुख्मिणी उठली, पदर सावरून फाटकाकडं पळाली. मनकर्णाबाईनं मोरोपंतांकडं पाहिलं, रस्त्यावरच्या परक्या माणसाकडं पाहावं तसं. "तुमी आता वाट सोडा, टाइमबाबू."

मोरोपंत रस्ता ओलांडून पलीकडं गेले. घराकडची गल्ली डाव्या हाताला होती. ते तिकडं वळले नाहीत.

मनकर्णाबाईनं घसा खाकरला. ओवी जिथं सोडली होती तिथून उचलली. दुसऱ्या ओळीच्या शेवटाला त्यांचं नाव तसंच होतं. त्या नावावर तिनं आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. बायांनी ते मागून म्हटलं, एकदा, दुसऱ्यांदा.

मोरोपंतांनी डोक्यावरची काळी टोपी काढून हातात घेतली आणि भर उन्हात उभं राहून ती ओवी पुरती ऐकली.