तीन मिनिटांच्या आतलं रक्त

दोन्हीकडच्या माशांच्या रक्तातले आकडे सारखेच निघाले, तेव्हा तिने आधी यंत्राला दोष दिला, मग प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला फैलावर घेतलं आणि शेवटी मामाला फोन केला.

कारखान्याचं गरम पाणी नदीत पडायचं, त्याच्या खालच्या पट्ट्यातले मासे वर्षागणिक कमी होत होते. पाणी निववूनच सोडा असा हुकूम द्यायचा की नाही, हे परवाच्या सुनावणीत ठरणार होतं. मासे तर हिंडताहेत, त्रास दिसतो कुठे, असं कारखान्याचं म्हणणं. तिच्या मते तो रक्तात दिसतो. मासा हैराण झाला की रक्तात कॉर्टिसॉल चढतं. ते चढलेलंच राहिलं तर मासा वाढत नाही, अंडी धरत नाही. वरच्या थंड डोहातल्या माशांशी ताडून पाहिलं की फरक उघडा पडणार होता. अट एकच. सापडल्यापासून तीन मिनिटांत रक्त काढायचं. उशीर झाला की पकडल्याची भीतीच रक्तात उतरते.

“मामा, डोहातले मासे माझ्यासमोर सापडले होते ना?”

“तुझ्यासमोरच तर बाहेर काढले.”

“काढले हो. सापडले कधी?”

मामा खाकरला. चाळीस वर्षं त्या नदीत जाळं टाकणारा माणूस. तिची नाव तोच वल्हवायचा.

“पहाटे, तुला नावेत घ्यायच्या आधी. तू खालून भिजून येणार, वर तुला दोन-दोन तास ताटकळत कुठे ठेवू? म्हणून पिशवीजाळ्यात घालून बुडवून ठेवले. पाण्यातच होते गं, मजेत.”

“किती वेळ?”

“मी काय घड्याळ लावून बसलो होतो?”

घड्याळ तिने लावलं होतं. मामाने जाळं उचललं की स्टॉपवॉच दाबायची, आणि दर वेळी तीन मिनिटांच्या आत सुई बाहेर. डोहातला एकूण एक नमुना वेळेत, आणि एकूण एक बाद.

“मग नुसते खालचे आकडे दाखव,” मामा म्हणाला. “वरच्यांचं नावच काढू नकोस.”

“वरच्यांशिवाय खालच्यांना काय अर्थ?”

“माझंच चुकलं म्हण.”

“मी विचारायला हवं होतं.”

नवे नमुने तपासायला चार दिवस लागत. सुनावणीत तिने उभं राहून सांगितलं की डोहातले नमुने बाद आहेत, आणि का तेही सांगितलं. कारखान्याच्या वकिलाने हात जोडले. “बाईंच्या प्रामाणिकपणाला तोड नाही. आमचा अर्धा युक्तिवाद त्यांनीच केला.” खोलीत हशा पिकला. सुनावणी घेणारा अधिकारी हसला नाही. पुढच्या हंगामात पुन्हा पाहू, असं लिहून त्याने फाइल मिटली.

वर्षभर गरम पाणी तसंच पडत राहिलं.

पुढच्या हंगामात स्टॉपवॉच मामाच्या गळ्यात होतं. जाळं हलल्याबरोबर तो बटण दाबायचा आणि सेकंद ओरडून मोजायचा. डोहात अकरा मासे मिळाले, सगळे वेळेत. आकडे तिला हवे होते तसे आले: कमी, निवांत.

मग ते खालच्या पट्ट्यात उतरले. तीन दिवस जाळं रिकामं आलं. चौथ्या दिवशी दोरी जड लागली, मामाने बटण दाबलं, मोजत मोजत जाळं ओढलं. नावेत चिखल आणि एक कुजकं खोड पडलं.

तिने सिरिंजला टोपण लावलं.

“चाळीस,” मामा म्हणाला. “एक्केचाळीस.”

“मामा, बंद करा ते.”

त्याने पुन्हा जाळं टाकलं. घड्याळ चालूच होतं.