लीलँड स्ट्रीटवरचं एकुलतं एक रिकामं घर

लुवेनिया टॅल्बर्टचं घर गुरुवारी सकाळी आठला पाडणार, अशी पिवळी नोटीस सोमवारी तिच्याच दारावर चिकटली. तेव्हा ती शेजारच्या घराच्या कुंड्यांना पाणी घालत होती. खरं सांगायचं तर सगळा घोळ एवढाच आहे.

शेजारचं घर जॉर्जेट डिंकिन्सचं. नऊ वर्षांपूर्वी जॉर्जेट "दोन आठवड्यांत येते" म्हणून लेकीकडे अटलांटाला गेली आणि तिथंच वारली. जाताना तिनं बजावलं होतं, "लुवेनिया, घर रिकामं आहे असं कुणापाशी बोलू नकोस हं." मोटारींचा कारखाना बंद पडलेल्या मिशिगनमधल्या त्या गावात यात काही वावगं नव्हतं. घर रिकामं आहे असा वास लागला की आठवड्यात तांब्याचे पाइप जातात, महिन्यात दारं-खिडक्या, आणि हिवाळ्यात कुणीतरी मेला आत शेकोटी पेटवतो न् शेजाऱ्यांच्या घरांसकट सगळं जाळून टाकतो. म्हणून गल्लीची रीतच पडली होती. रिकाम्या घरात माणूस आहे असं दाखवायचं.

लुवेनियानं ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका. खिडक्यांना दर ऋतूला नवे पडदे, ऑक्टोबरात पायरीवर भोपळा, नाताळात दाराला पानांचं हिरवं कडं. व्हर्डेल स्पाइव्ही, हा गल्लीच्या टोकाला भावाच्या तळघरात राहणारा अडुसष्ट वर्षांचा वेल्डर, रोज आपली खटारा गाडी जॉर्जेटच्या दारात लावायचा. बर्फ पडला की मुद्दाम चार वेळा मागंपुढं करून चाकांचे माग उमटवायचा. आत एक दिवा होता, लुवेनियाच्या स्वयंपाकघरातून ओढलेल्या वायरवर. त्याला टायमर जोडला होता, त्यामुळं रोज संध्याकाळी बरोब्बर सातला उजेड.

या सगळ्यात स्वतःच्या घराकडे बघायला वेळ कुणाला? रंगाचे पोपडे निघालेले, पन्हळ लोंबतेय, अंगणात गुडघाभर गवत.

आता लँड बँक म्हणजे कर थकलेली, बेवारस घरं ताब्यात घेणारी सरकारी कचेरी. मोडकी असतील ती पाडायची, धड असतील ती राहणाऱ्याला द्यायची. तिचे निरीक्षक वेनक, घामट, भला माणूस, त्या उन्हाळ्यात तीनदा आले. तिन्ही वेळा लुवेनिया जॉर्जेटच्या अंगणात गवत कापत होती.

"इथं कोण राहतं?"

"मीच की, बाळा."

"आणि ते पलीकडचं?" त्यांनी तिच्याच घराकडे बोट केलं.

"कोण जाणे बाई. मी नाही कुणाला पाहिलं."

हातात कागद घेऊन आलेल्याला खरं सांगायचं नाही, ही गल्लीची दुसरी रीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नोटीस वाचून लुवेनिया तडक कचेरीत गेली. तिथल्या मिसेस प्रुइट फार गोड बोलायच्या.

"लीलँड स्ट्रीटवर एक घर रिकामं आहे, एकच. त्याबद्दल वाद नाही," त्या म्हणाल्या. "नोंदीत ते ४१८ होतं. आमचे वेनक जाऊन बघतात तर ४१८ मध्ये पडदे, फुलं, दारात गाडी! आणि ४२२ मध्ये नुसतं गवत. म्हणजे आकड्यांची अदलाबदल झाली होती. आम्ही दुरुस्त केली."

"अहो, ४२२ माझं आहे! बावन्न वर्षं राहतेय मी तिथं!"

"आता तुमचं ४१८. कागद पोस्टानं येतील. तुमचं काय बिघडलं? घर गेलं नाही, नुसतं सरकलं. आणि खरं सांगू का, आधीपेक्षा चांगलंच मिळालंय."

"माझ्या नवऱ्यानं, रॉस्कोनं, त्या स्वयंपाकघरातली फरशी गुडघ्यांवर बसून एकेक करून लावलीय. गुडघे गेले त्याचे त्यात. ती पण सरकणार का?"

मिसेस प्रुइटनी संगणकाच्या पडद्यावर शोधून पाहिलं. फरशीचा रकाना नव्हता. "उपाय साधा आहे," त्या म्हणाल्या. "४१८ रिकामं आहे, एवढं वेनकसमोर सांगा. एक वाक्य."

जॉर्जेटची आणि लुवेनियाची चाळीस वर्षांची मैत्री. ते वाक्य तिनं कधी आरशासमोरसुद्धा उच्चारलं नव्हतं. "बघते," म्हणून ती उठली.

"बघते काय, बघते?" व्हर्डेल भडकला. "नऊ वर्षं लोकाच्या घराला पावडर फासलीस, भोग आता! एक वाक्य तर बोलायचंय."

"मग तू बोल की!"

व्हर्डेल बुटांकडे बघायला लागला. त्यालाही जमेना.

शेवटी गल्लीनं स्वतःला येत होता तोच उपाय केला. मंगळवारी-बुधवारी चर्चच्या बायका लुवेनियाच्या घरावर तुटून पडल्या. पडदे आले, कुंड्या आल्या, दर्शनी भिंतीला रंग लागला. माणूस राहतंय असं दिसायला नको? व्हर्डेलची मात्र पंचाईत झाली. घरं दोन, गाडी एक. बिचारा दर दोन तासांनी ती इकडून तिकडे हलवत होता. वर त्यानं लुवेनियाच्या दिवाणखान्यातही टायमरवरचा दिवा आणून ठेवला.

"मेल्या, मी बसलेय ना इथं जिवंत! हातानं लावीन की दिवा."

"तू बसलीयस ते रस्त्यावरून दिसत नाही, सिस्टर. दिवा दिसतो."

गुरुवारी आठला घर पाडायचं यंत्र आलं. यंत्रवाला डोनट खात वर बसून राहिला. वेनक दोन घरांच्या मधे उभे राहिले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, घाम पुसला.

"दोन्हीत माणसं? असं कसं? एक रिकामं असायलाच हवं. यंत्र आणलंय ना मी!" मग त्यांना लुवेनिया दिसली, आपल्या पायरीवर बसलेली. "बाई, तुम्ही ४१८ मधल्या ना? तिथंच राहता ना तुम्ही?"

नऊ वर्षांची सवय. "हो, बाळा" अगदी जिभेवर आलं होतं. पाठीमागं उघड्या दारातून स्वयंपाकघरातली फरशी दिसत होती, रॉस्कोनं कोपऱ्यात वाकडी लावलेली ती एक लादीसुद्धा.

"नाही," लुवेनिया म्हणाली. "तिथं कुणी राहत नाही. जॉर्जेट मेली. नऊ वर्षं झाली. मी तिच्या मातीलासुद्धा गेले नाही, बाळा. घर एकटं टाकून जायचं कसं?"

आणि ती पदर नसलेल्या बाईला रडता येईल तशी, दोन्ही हातांत तोंड झाकून, रडली. वेनकनी टोपी काढली. यंत्रवाल्यानं डोनट खाली ठेवला.

"मग हे पाडू का?" त्यानं जॉर्जेटच्या घराकडे बोट करून हळूच विचारलं.

वेनक जॉर्जेटच्या घरात जाऊन आले. "छप्पर धड आहे. पाइप जागेवर आहेत. अहो, आत धूळसुद्धा नाही! असं घर पाडत नाहीत. राहणारा माणूस हवा फक्त. आहे कुणी?"

मग व्हर्डेल खाकरला. "नऊ वर्षं माझी गाडी राहतेय इथं. तिच्याबरोबर मला घेता का बघा."

वेनकनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. आकडे पुन्हा जागच्या जागी आले. जॉर्जेटच्या घराचे कागद व्हायला पानगळ उजाडली, पण झाले.

व्हर्डेल राहायला आला त्या संध्याकाळी लुवेनिया आपल्या खिडकीत उभी होती. सात वाजले. शेजारी अंधार. सात वाजून पाच, दहा. ती चपला न घालताच अंगणात धावली.

"व्हर्डेल! दिवा!"

"अगं, संडासात होतो!" आतून ओरडा आला. "टायमर काढून टाकलाय मी!"

"जॉर्जेटनं नऊ वर्षांत एकदा उशीर केला नव्हता!"

"ती नव्हती ना घरात, लुवेनिया!"

मग दिवा लागला. लुवेनिया गार गवतात अनवाणी तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं ती घरात गेली, मक्याचा पाव फडक्यात गुंडाळून घेतला आणि जॉर्जेटची पायरी चढली. त्या दाराची किल्ली तिच्या गळ्यातच होती. पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिनं दार वाजवलं आणि कुणी उघडतंय का याची वाट बघत थांबली.